राज्याच्या न्यायासनावर तीस वर्षे : न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर

अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचे लक्ष स्वाभाविकपणेच वॉशिंग्टन येथील नऊ न्यायाधीशांच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. कारण ज्यांचे पडसाद देशोदेशी उमटतात असे घटनात्मक कज्जे तेथे तुटतात आणि त्यांची वार्ता दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांतही येते. परंतु त्या देशातील सामान्य माणसाचा संसार, त्याचे करारमदार, त्याच्या घराचा भाडेपट्टा, त्याचा विवाह आणि प्रसंगी घटस्फोट, कामावर किंवा रस्त्यावर त्याला झालेली इजा आणि तिची भरपाई, हे सारे ज्या कायद्याने बांधलेले असते तो कायदा बहुतांशी त्याच्या स्वतःच्या राज्याचा असतो, आणि त्या कायद्याचा अर्थ काय यासंबंधीचा अखेरचा शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने एखाद्या दिवाणी दाव्यात दिलेला निकाल दिल्लीपर्यंत अपिलात जाऊ शकतो; तशी एकसंध उतरंड तिकडे नाही. प्रश्न निव्वळ राज्याच्या कायद्याचा असेल, तर कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने केलेला अर्थ खुद्द वॉशिंग्टनच्या न्यायालयालाही शिरोधार्य मानावा लागतो.

अशा न्यायालयात ज्याची हयात गेली, ज्याला दिल्ली-दरबाराच्या तोडीचे पद कधी लाभले नाही, आणि तरीही ज्याच्या निकालपत्रांनी अमेरिकेच्याच नव्हे तर अन्य देशांच्याही कायद्याला वळण लावले, असा पुरुष म्हणजे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर. १९४० ते १९७० अशी तीस वर्षे ते कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात होते; त्यांतील अखेरची सहा वर्षे मुख्य न्यायाधीश म्हणून. या काळात त्यांनी सुमारे नऊशे निकालपत्रे लिहिली. त्यांतील चारपाच जवळून पाहिली, तर राज्य-न्यायाधीशाचे काम म्हणजे काय आणि त्या कामाचे सामर्थ्य कशात असते, याची पुरेशी कल्पना येते.

ट्रेनर यांचा जन्म १२ फेब्रुवारी १९०० रोजी यूटा राज्यातील पार्क सिटी या गावी झाला. आज तेथे बर्फावरील खेळांसाठी श्रीमंतांची रीघ लागते. त्या काळी ते चांदीच्या खाणींचे गाव होते, आणि आयर्लंडहून आलेल्या एका अतिशय गरीब कुटुंबातील त्यांचे वडील खाणकामगार होते. १९१९ साली हा मुलगा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाला. १९२३ मध्ये पदवीधर झाला, आणि पुढील चार वर्षांत राज्यशास्त्रातील डॉक्टरेट आणि कायद्याची पदवी असे दोन्ही मान त्याने मिळविले. पुढे तेथेच ते कायद्याचे प्राध्यापक झाले. त्यांचा विषय करआकारणीचा. महामंदीमुळे राज्याची तिजोरी रिती झालेली असताना कॅलिफोर्नियाने १९३३ साली विक्रीकर आणि १९३५ साली प्राप्तिकर बसविला, त्या कायद्यांच्या मसुद्यांत ट्रेनर यांचा मोठा हात होता. संघीय अर्थखात्यालाही त्यांनी सल्लागार म्हणून साह्य केले. करविषयक कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यास एक सवय जडते : प्रत्येक बोजा अखेरीस कोणाच्या खांद्यावर जाऊन पडतो आणि तो पेलण्याची ताकद कोणात आहे, हे तो आधी पाहतो. ट्रेनर यांच्या पुढील आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध विचाराचे बीज मला या सवयीत दिसते.

न्यायासनावर त्यांची नेमणूक झाली ती मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी नामंजुरीमुळे. १९४० साली गव्हर्नर कल्बर्ट ऑल्सन यांनी बर्कलीचेच नामवंत प्राध्यापक मॅक्स रेडिन यांचे नाव सुचविले होते. परंतु १९३४ साली झालेल्या घटनादुरुस्तीने कॅलिफोर्नियात अशी तजवीज केली होती की गव्हर्नराने सुचविलेल्या नावाला त्रिसदस्य समितीची मान्यता लागावी. आणि त्या समितीत मुख्य न्यायाधीश व अपील न्यायालयाचे एक ज्येष्ठ न्यायाधीश यांच्या बरोबरीने राज्याचे ॲटर्नी जनरलही असत. त्या वेळचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन यांनी विरोध केला आणि रेडिन यांचे नाव समितीने फेटाळले. मग ऑल्सन यांनी ट्रेनर यांचे नाव पाठविले. ते तेव्हा वॉरन यांच्याच खात्यात करविषयक काम पाहत होते. समितीने मान्यता दिली आणि ऑगस्ट १९४० मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कोणत्याही कनिष्ठ न्यायालयात एक दिवसही न्यायाधीश म्हणून न बसलेला हा प्राध्यापक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात स्थानापन्न झाला.

येथे कॅलिफोर्नियाच्या पद्धतीचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे, कारण आपल्या वाचकास तो चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. समितीच्या मान्यतेने न्यायाधीशाची नेमणूक पक्की होत नाही. पुढील गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्याचे नाव मतदारांपुढे येते. त्याच्या विरुद्ध कोणी उमेदवार उभा नसतो. हा न्यायाधीश राहावा की जावा, एवढाच प्रश्न असतो. मतदारांनी होकार दिला तर बारा वर्षांची मुदत मिळते, आणि ती संपली की पुन्हा तोच कौल घ्यावा लागतो. बहुधा कौल अनुकूल येतो. परंतु नेहमीच येतो असे नाही. १९८६ साली, मुख्यतः फाशीच्या शिक्षा रद्द केल्याच्या रोषापायी, मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे दोन सहकारी क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन यांना मतदारांनी घरी पाठविले. न्यायाधीशाला मतपेटीच्या दारी उभे करणे मला पसंत नाही, कारण ज्याच्या बाजूने कोणीच नाही अशा माणसाचा न्याय करताना पुढच्या निवडणुकीचा विचार मनात येणे हे त्या माणसाच्या नशिबी आलेले मोठे दुर्दैव होय. मात्र ट्रेनर यांनी आपली सारी कारकीर्द हा धोका पत्करूनच केली, आणि त्यांच्या निकालपत्रांत त्याच्या भीतीची कोठे छाया दिसत नाही.

कॅलिफोर्नियाच्या घटनेतील दुसरी एक तरतूद मात्र आपण हेवा करावा अशी आहे. प्रकरण निकालासाठी राखून ठेवल्यावर नव्वद दिवसांच्या आत ज्याने ते निकालात काढले नाही, त्या न्यायाधीशाला ते निकालात निघेपर्यंत आपले वेतन उचलता येत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लेखी असला पाहिजे आणि त्यात कारणे नमूद असली पाहिजेत, हाही घटनेचाच दंडक. सात न्यायाधीशांचे हे न्यायालय. त्याचे मुख्य ठाणे सॅन फ्रान्सिस्कोत, पण वकिलांचे युक्तिवाद ऐकण्यासाठी ते लॉस एंजेलिस आणि सॅक्रामेंटो येथेही बसते. साक्षीपुरावा तेथे होत नाही. खालच्या न्यायालयांतून आलेले दप्तर वाचायचे, युक्तिवाद ऐकायचा, सहकाऱ्यांशी विचारविनिमय करायचा, आणि मग लिहायचे. म्हणजे या पदावरील माणसाचे आयुष्य प्रामुख्याने वाचण्यालिहिण्यात जाते, आणि त्याची शक्ती त्याने लिहिलेली कारणे इतरांस किती पटतात यावर अवलंबून असते.

आता ट्रेनर यांच्या त्या प्रसिद्ध विचारामागील एका बाटलीची हकीकत. कॅलिफोर्नियाच्या मध्यभागातील मर्सेड या गावी एका उपाहारगृहात एक वेट्रेस कोकाकोलाच्या बाटल्या पेटीतून काढून शीतकपाटात ठेवीत होती. कंपनीच्या गाडीवानाने आणून दिलेल्या त्या पेट्या निदान छत्तीस तास गल्ल्यामागे जमिनीवर जशाच्या तशा होत्या. तीन बाटल्या ठेवून झाल्या. चौथी पेटीपासून दीडएक फूट हलविली असेल, तोच ती तिच्या हातात फुटली. तळहाताला पाच इंचांची खोल जखम झाली. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, अंगठ्याचे स्नायू तुटले. तिने कंपनीवर दावा लावला. बाटली कशामुळे फुटली हे सांगणारा साक्षीदार तिच्याजवळ नव्हता. कंपनीचाच एक गाडीवान तिच्या बाजूने साक्षीस आला आणि त्याने सांगितले की यापूर्वीही अशा बाटल्या फुटताना आपण पाहिल्या आहेत, वखारीत फुटलेल्या बाटल्या आपल्याला सापडल्या आहेत, पण त्या का फुटतात ते आपल्याला ठाऊक नाही. ज्यूरीने तिला भरपाई दिली. कंपनी अपिलात गेली. आणि १९४४ साली एस्कोला विरुद्ध कोकाकोला बॉटलिंग कंपनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे कंपनीची हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नसे. मुख्य न्यायाधीश फिल गिब्सन यांनी बहुमताच्या निकालपत्रात त्या तरुणीच्या बाजूने कौल दिला, पण तो जुन्याच वाटेने : नीट भरलेली आणि नीट तपासलेली बाटली सहसा आपोआप फुटत नाही, म्हणून ती फुटली याच गोष्टीवरून हयगयीचे अनुमान काढण्यास ज्यूरी मोकळी आहे. निकाल ट्रेनर यांनाही मान्य होता. पण कारण मान्य नव्हते, आणि म्हणून त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कंपनीने हयगय केली नसेलही; तरीसुद्धा जी वस्तू कोणी पुन्हा तपासणार नाही हे जाणून उत्पादकाने बाजारात सोडली, तिच्यातील दोषाने माणसाला इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी उत्पादकाचीच असली पाहिजे. पूर्वी माल करणारा आणि माल घेणारा एकमेकांस ओळखत. घेणारा वस्तू हाताळून, पारखून घेई. आता कारखाना दूर गेला, त्यातील प्रक्रिया सामान्य माणसाच्या आकलनापलीकडच्या झाल्या, व्यापारचिन्हे आणि जाहिराती यांनी ग्राहकाची सावधगिरी निजवून टाकली. अपघाताचा घाला एका माणसावर पडला तर तो समूळ उखडला जातो. तोच भार उत्पादक विम्याच्या द्वारे, मालाच्या किमतीत पसरून, समाजावर वाटून देऊ शकतो. आणि दोष टाळण्याचे साधनही त्याच्याच हाती असते. यापुढचा त्यांचा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो : हयगयीचे अनुमान काढण्याची मुभा ज्यूरीला देऊन न्यायालये प्रत्यक्षात उत्पादकावर पूर्ण जबाबदारी टाकतच होती, मग जे करतो ते आडपडद्याने करण्यापेक्षा उघड, कारण देऊन का करू नये?

त्या निकालपत्रावर दुसऱ्या एकाही न्यायाधीशाची सही नाही. सातांपैकी एकाचे मत, तेही आवश्यकता नसताना नोंदविलेले. कायदा म्हणून त्याची किंमत त्या दिवशी शून्य. ट्रेनर यांनी ते लिहिले आणि ते पुढच्या कामास लागले.

मध्यंतरी इतर राज्यांची न्यायालयेही याच प्रश्नाशी झगडत होती. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली मोटारीच्या एका प्रकरणात, विक्रीच्या करारनाम्यात बारीक अक्षरांत छापलेल्या अटींच्या आड उत्पादकाला लपता येणार नाही असा निर्णय दिला. एका राज्याचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, पण तो वाचला जातो, आणि पटला तर उचलला जातो. कायदा असा राज्याराज्यांतून हिंडत वाढतो. मग १९६३ च्या जानेवारीत ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स हे प्रकरण आले. एका गृहस्थाला त्याच्या पत्नीने १९५५ च्या नाताळात करवत, ड्रिल आणि लेथ अशी तिन्ही कामे करणारे एक घरगुती यंत्र भेट दिले होते. १९५७ मध्ये त्याने लेथसाठी लागणारे जोडभाग घेतले आणि लाकडाच्या एका मोठ्या तुकड्यातून चषक कातण्यास घेतला. बरेचदा काम सुरळीत झाले. एके दिवशी तो तुकडा यंत्रातून निसटला आणि त्याच्या कपाळावर येऊन आदळला. यंत्राचे भाग धरून ठेवणारे स्क्रू अपुरे होते, असे तज्ज्ञांनी सांगितले. ज्यूरीने उत्पादकाविरुद्ध पासष्ट हजार डॉलर मंजूर केले. उत्पादकाची तक्रार अशी की जखमी माणसाने हमीभंगाची नोटीस फार उशिरा, साडेदहा महिन्यांनी दिली. या वेळी निकालपत्र लिहिण्याचे काम ट्रेनर यांच्याकडे आले, आणि एकोणीस वर्षांपूर्वी एकट्याने मांडलेले तत्त्व त्यांनी सातही न्यायाधीशांच्या एकमताने राज्याचा कायदा म्हणून घोषित केले : ही जबाबदारी कराराची नाही, म्हणून कराराच्या नोटिशीचा प्रश्नच येत नाही, सदोष वस्तू बाजारात आणणाऱ्यावर ती कायद्यानेच येते.

पुढे घटना झपाट्याने घडल्या. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या विद्वत्संस्थेने विल्यम प्रॉसर यांच्या देखरेखीखाली अपकृत्यविषयक कायद्याची जी दुसरी संहिता तयार केली, तिच्यात १९६५ साली हे तत्त्व समाविष्ट झाले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक राज्यांनी ते स्वीकारले. टीकाही पुष्कळ झाली. विम्याचा बोजा अखेर मालाच्या किमतीतच जातो, म्हणजे सावध ग्राहक बेसावध ग्राहकाचा खर्च सोसतो, असे टीकाकार म्हणत. आणि या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु ट्रेनर यांनी आपले तत्त्व बेबंद होऊ दिले नाही. १९६५ सालच्याच सीली विरुद्ध व्हाइट मोटर या प्रकरणात, नादुरुस्त ट्रकमुळे व्यवसायात तोटा झाला अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी सांगितले की देहाला इजा झाली तर गोष्ट वेगळी. निव्वळ धंद्यातील तोट्यासाठी विक्रेत्याने दिलेल्या हमीकडेच पाहावे लागेल. आपल्याच कल्पनेला कोठे थांबवायचे हे ज्याला कळते, त्याच्या हाती ती कल्पना सुरक्षित असते.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात इजेच्या भरपाईसाठी समोरच्या पक्षाची हयगय दाखविण्याची अट होती. २०१९ च्या नव्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले आणि ते २० जुलै २०२० पासून अंमलात आहे. वस्तूत निर्मितीचा किंवा रचनेचा दोष असला, अथवा ती वापरण्यासंबंधी पुरेशा सूचना दिल्या नसल्या, तर उत्पादकावर दायित्व येते. पुण्यात किंवा नागपुरात एखाद्या घरी प्रेशर कुकर फुटून कोणी भाजले, तर त्या कुटुंबाला आज जो आधार मिळू शकतो त्याचा उगम शोधीत मागे गेले की आपण मर्सेडच्या त्या उपाहारगृहात येऊन पोहोचतो.

एस्कोला आणि ग्रीनमन यांच्या मधल्या काळातील एक निकाल असा आहे की ज्याने इतिहास घडविला. कॅलिफोर्नियात १८५० पासून गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या विवाहास कायद्याने बंदी होती. पुढे तीत चिनी-जपानी आणि मग फिलिपिनो लोकही घालण्यात आले. विवाहपरवाना देणारा काउंटीचा कारकून अर्जदाराच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचा वंश ठरवी. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शेतीसाठी गेलेल्या पंजाबी पुरुषांपैकी अनेकांनी इम्पीरियल खोऱ्यात मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले, त्यामागे हेही एक कारण होते; दोघांचा वर्ण मिळताजुळता दिसला की कारकून हरकत घेत नसे. १९४७ साली, युद्धकाळात विमानांच्या कारखान्यात परिचय झालेल्या एका युगुलाला लॉस एंजेलिसच्या दप्तरात परवाना नाकारण्यात आला. वधू मेक्सिकन वंशाची म्हणून कायद्याने गोरी गणलेली, वर कृष्णवर्णी. दोघेही कॅथलिक, म्हणून त्यांच्या वकिलाने धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे केला. ट्रेनर यांनी त्याहून व्यापक पायावर निकाल उभारला. विवाहाचा हक्क हा व्यक्तीचा हक्क आहे, जमातीचा नव्हे. आपल्या पसंतीच्या माणसाऐवजी त्याच वंशाचा दुसरा कोणी चालेल असे म्हणणे म्हणजे माणसामाणसांतील भेदच नाकारणे होय. सरकारपक्षाने रोगांची आकडेवारी पुढे केली, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की कायद्याची बंदी रोगावर नसून वंशावर आहे. आणि मिश्र रक्ताच्या माणसाला कोणत्या गटात घालायचे, पूर्वजांपैकी किती जण कोण असले म्हणजे तो काळा ठरतो, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. ज्याचा अर्थच निश्चित नाही अशा कायद्याने माणसाचा एवढा मोठा हक्क हिरावता येत नाही.

१९४८ साली चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने ती बंदी गेली. विसाव्या शतकात असे करणारे ते पहिले राज्य-न्यायालय. विधिमंडळाने कायद्याच्या पुस्तकातून ते शब्द काढले ते १९५९ मध्ये. आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला हेच तत्त्व साऱ्या देशासाठी उच्चारण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्या दिवशी मुख्य न्यायाधीशाच्या आसनावर अर्ल वॉरन होते, आणि त्यांच्या निकालपत्रात कॅलिफोर्नियाच्या निकालाचा उल्लेख आहे. आज सॅन होजे-फ्रीमॉन्टच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेमुली भिन्न वंशाच्या जोडीदारासह ज्या कचेरीत विवाहपरवाना घेण्यास जातात, तेथे त्यांचा वर्ण निरखणारा कारकून उरलेला नाही.

१९६१ साली ट्रेनर यांनी आणखी एक जुना दंडक मोडला. सरकारी इस्पितळात पडून आधीच मोडलेल्या हाडाला अधिक इजा झालेल्या एका स्त्रीच्या दाव्यात, सरकारवर दावा चालत नाही ही समजूत टाकाऊ आहे असा निकाल त्यांनी दिला. विधिमंडळाने घाईने त्या निकालाची अंमलबजावणी तहकूब केली आणि १९६३ मध्ये सरकारच्या दायित्वाचा सविस्तर कायदा केला. न्यायालयाने प्रश्न उघडा करावा आणि विधिमंडळाने त्याचा तपशील भरावा, हा व्यवहार मला निरोगी वाटतो. १९६४ मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यांना मुख्य न्यायाधीश केले. १९७० मध्ये ते निवृत्त झाले, सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयात पुन्हा शिकवू लागले, आणि १४ मे १९८३ रोजी बर्कली येथे त्यांचे निधन झाले.

एक प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण त्यात न्यायाधीश या नात्याने ट्रेनर यांचा सर्वांत मोठा गुण दिसतो आणि कारण ते आपल्या महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचते. बेकायदा झडतीत पोलिसांना सापडलेला पुरावा आरोपीविरुद्ध वापरता यावा की नाही, हा तो प्रश्न. १९४२ साली तो त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी स्वतः निकालपत्र लिहून असा पुरावा ग्राह्य ठरविला. पुरावा खरा आहे, मग तो कसा मिळाला याची चौकशी वेगळी व्हावी, हे त्यामागचे परंपरागत कारण. पुढील तेरा वर्षे त्यांच्यासमोर अशाच प्रकरणांची रांग लागली. १९५५ साली पीपल विरुद्ध कहान हे प्रकरण आले. घोड्यांच्या शर्यतींवर बेकायदा पैजा घेणाऱ्यांना पकडण्यासाठी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी, खात्याच्या प्रमुखाच्या परवानगीने, खिडकीतून घरात शिरून खणांच्या कपाटाखाली ध्वनिग्राहक यंत्र बसविले होते. अन्यत्र खिडक्या फोडून आणि दारे मोडून ते आत घुसले होते. ट्रेनर यांनी आपला १९४२ चा निर्णय रद्द केला. पोलिसांवर दिवाणी दावे लावता येतील, फौजदारी करता येईल, असे जे उपाय तेव्हा पुरेसे वाटले होते ते कोणी प्रत्यक्षात योजत नाही. आणि असा पुरावा दाखल करून घेणारे न्यायालय स्वतःच त्या बेकायदा कृत्याचे भागीदार बनते, अशी कारणे त्यांनी दिली. पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांनी या निकालावर जाहीर टीका केली. सहा वर्षांनी, १९६१ साली, संघीय सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम सर्व राज्यांस लागू केला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न १९७२ साली मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या प्रकरणात आला. कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता, आणि मध्यस्थ असलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने फोनवरील संभाषण ध्वनिमुद्रित केले होते. संमती असल्यामुळे ते मुद्रण बेकायदा नाही, असे न्यायालयाने म्हटले; पण त्याच बरोबर असेही म्हटले की पुरावा बेकायदा रीतीने मिळविला असला तरी तेवढ्यावरून तो अग्राह्य ठरत नाही. तेथे संमती होती, म्हणून त्या खटल्याचा निकाल मला चुकीचा वाटत नाही. परंतु हे दुसरे, सरसकट विधान १९७३ च्या पूरनमल प्रकरणात अधिक पक्के झाले आणि आजही आपल्या फौजदारी न्यायालयांत पोलिसांची ढाल म्हणून पुढे केले जाते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. घरात चोरून बसविलेल्या यंत्राचा, हुकुमाशिवाय उघडलेल्या मोबाइलचा पुरावा या हक्काशी कसा जुळवायचा, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा नाही. ट्रेनर यांनी स्वतःच्या निकालाचा फेरविचार तेरा वर्षांत केला. मलकाणी निकालातील त्या विधानाचा फेरविचार मोठ्या पीठापुढे व्हावा, आणि त्या वेळी वकिलांनी कहान प्रकरणाचे निकालपत्र न्यायमूर्तींच्या हाती ठेवावे, असे मला अगदी मनापासून वाटते.